गिटारला पाव आटा

कंपनीच्या बसमध्ये माणसाने झोपावं, शेंगदाणे खावेत, खिडकीच्या काचेवर डोकं आपटून घ्यावं, पण बोलू नये. शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या आमच्या फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये पडलेला शब्द खाली पडून राहत नाही. तो कोणीतरी उचलतो, पुसतो आणि मग वर्षभर हातोहात फिरवला जातो. हे मला ठाऊक होतं. तरी स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोललो.

त्याचं असं झालं, की संमेलनात पुण्याहून आलेल्या एका ट्रेनी इंजिनिअरने गिटार वाजवली होती. वाजवली म्हणजे काय, तर डोळे मिटले, मान हलवली आणि तारांवरून हात वरखाली केला. जे काही वाजलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच होतं. तरीही कँटीनची शेड टाळ्यांनी दणाणली आणि पॅकिंगमधल्या मुली तर उभ्याच राहिल्या. सकाळी बसमध्ये त्याचंच कौतुक चाललेलं. न राहवून मी म्हणालो, "त्यात काय एवढं? चार तारा दाबायच्या आणि खाजवायच्या. कुठल्या क्लासचीसुद्धा गरज नाही. पुढच्या संमेलनात मी वाजवून दाखवतो."

"सा तारा असत्यात साहेब," मागच्या सीटवरून शाकीर म्हणाला. हा मेंटेनन्समधला फिटर, आणि दुर्दैवाने माझा भिंतीला भिंत लावून शेजारी. "चार वाजवल्या तर दोन शिल्लक राहत्याल."

सगळी बस हसली. ड्रायव्हरही हसला, आणि तो तर बहिरा आहे असा माझा आजवर समज होता. दुपारपर्यंत एचआरच्या लुबना मॅडमनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात माझं नाव घातलंसुद्धा. एरवी याच मॅडमकडे रजेचा अर्ज पंधरवडा पडून असतो.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी महेंद्र ओव्हाळ, इनकमिंग इन्स्पेक्शन. बाहेरून कंपनीत येणारा प्रत्येक बोल्ट, पत्रा, ब्रॅकेट माझ्या टेबलावरून जातो. बरोबर असेल तर हिरवा टॅग, चुकीचा असेल तर लाल. माझ्या हातून लालच जास्त जातात आणि त्यावरून लोक मला नावं ठेवतात. ठेवोत. खोट असते म्हणून दिसते, मी काही घरून आणून लावत नाही.

पण त्या संध्याकाळी माया, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बरं झालं. जन्मभर दुसऱ्यांनी केलेलं नापास करत आलात. वरण नापास, माझ्या शाळेचं गॅदरिंग नापास, माझा भाऊ तर कायमचा नापास. एकदा स्वतः काहीतरी करा आणि पास होऊन दाखवा."

हे मला लागलं. बसमधलं हसणं मी विसरलो असतो, हे विसरता येईना. गिटार शिकायचीच, आणि माया पहिल्या रांगेत बसलेली असताना वाजवायची, असं मी ठरवलं.

पहिली गिटार कशी निवडावी याबद्दल शिरूरमध्ये कोणालाच काही माहीत नव्हतं आणि त्यामुळे सल्ला देण्यात कोणालाच अडचण आली नाही. कोणी म्हणालं, मोठी घ्या, आवाज मोठा येतो. कोणी म्हणालं, लहान घ्या, ठेवायला बरी. समोरच्या पार्वतीबाईंनी हार्मोनियम घ्यायला सांगितलं, कारण ती बसून वाजवता येते. गिटारही बसून वाजवता येते असं मी म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी सप्लायरकडे टाकतो. एकदा पुण्यालाही जाऊन आलो. तिथल्या दुकानातल्या पोराने मला गिटारी दाखवल्या त्या लांबून. मी म्हटलं, याहून स्वस्त? तो म्हणाला, "याहून स्वस्तात आमच्याकडे पट्टा आहे." पुण्यात गिऱ्हाइकाचा अपमान करायला वेगळे पैसे पडत नाहीत, एवढं एक बरं आहे.

त्यातच खुटबावचे हौसराव भेटले. हौसराव आमचे सप्लायर. गावात शेड टाकून दोन प्रेस बसवलेत आणि आम्हाला ब्रॅकेट पुरवतात. त्यातले निम्मे ब्रॅकेट मी परत पाठवतो. ते बिचारे पुन्हा आणतात, मी पुन्हा परत पाठवतो, असा आमचा अनेक वर्षांचा संबंध आहे. मालाच्या खिडकीशी वाकून ते हळूच म्हणाले, "साहेब, गिटारीचं आयकलं. आमच्याकडनं घ्या की एक. प्रेमानं."

"हौसराव," मी सगळ्या स्टोअरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी सप्लायरकडून टाचणीसुद्धा घेत नाही."

"न्हाई, टाचणी कशाला," ते पुटपुटले आणि लाल टॅगवाली पेटी उचलून चालू लागले.

शेवटी मार्ग काढला तो म्हाळूआप्पांनी. म्हाळूआप्पा आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात राहतात, मूळ मांडवगण फराट्याचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. "महेंद्रा, पुण्याला कशाला मरायला गेला व्हतास? दौंडाला सत्तारभाई बँडवाले हायेत. समदी वाद्यं मिळत्यात. आन् मी येतो संगं. तुला घेता यायची न्हाई. जनावर काय आन् वाद्य काय, वाजवून घ्यावं लागतं."

जनावर वाजवून कसं घेतात हे मी विचारलं नाही. रविवारच्या गाडीने आम्ही दौंड गाठलं.

सत्तारभाईंचं दुकान स्टेशनपासून जवळच होतं. दोरीवर बँडवाल्यांचे जरीचे लाल डगले वाळत होते, खाली कर्णे, ढोल, ताशे आणि भिंतीवर फक्त दोन गिटारी. एक लालभडक, पोटावर गरुड काढलेली. दुसरी साधी, तपकिरी. सत्तारभाई साठीचे, दाढीला मेंदी. मी पिशवीतून स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर काढल्यावर ते म्हणाले, "साहेब, गिटार घेताय का लेथ मशिन?"

मी लक्ष दिलं नाही. दोन्ही गिटारींच्या मानेवर पट्टी ठेवून पाहिली. लालची मान अशी होती की तिच्या पट्टीखालून मुंगळा चालत गेला असता. तपकिरीची मान सरळ होती. इतकी सरळ, की कागद सरकेना. बारा वर्षांच्या नोकरीत मी इतकी सरळ वस्तू क्वचित पाहिलीय. सत्तारभाईही म्हणाले, "तीच घ्या. लालची फकस्त रंगाची किंमत हाय. हिच्या तारा मानेला जवळ हायेत, नव्या माणसाची बोटं सोलत न्हाईत. आन् मानेत लोखंडी रॉड हाय. आत हात घातला की मानेच्या बुडाला नट लागतो, ह्यो बघा. कवा मान पुढं वाकलीच, तर तो जरासा पिळायचा. न्हाई वाकली तर त्याला इसरून जायचं. इसरायचं, काय?"

दुकानदाराने स्वतःहून चांगली वस्तू दाखवावी, ही गोष्ट मला संशयास्पद वाटली. म्हणून मी पुन्हा मोजलं. पुन्हा सरळच भरली. आप्पांनी तोवर गिटारच्या पोटावर बोटाने टकटक करून, भोकाला नाक लावून वास घेऊन, पाठीवर थाप मारून आपली तपासणी उरकली होती. "अंगानं बरी हाय," ते म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

बैलबाजारात सौदा बोलून करत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. आप्पांनी उपरणं सत्तारभाईंच्या हातावर टाकलं आणि सत्तारभाईंनीही सवयीने हात पुढे केला. मग दोघे गप्प. उपरणं हलत होतं. आप्पांच्या भुवया वर गेल्या, सत्तारभाईंनी "या अल्ला" म्हटलं, पुन्हा उपरणं हललं. पैसे मी देणार, गिटार मी वाजवणार आणि भाव काय चाललाय हे दुकानात मला एकट्यालाच कळत नव्हतं. मी मध्ये एकदा "आप्पा, कितीपर्यंत आलं?" असं विचारलं तर आप्पा म्हणाले, "तिऱ्हाइतानं मधी बोलू न्हाई."

सौदा पटला तो मी ठरवलेल्या आकड्याच्या थोडा वरच, पण आप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मी पैसे मोजून दिले. पावती मात्र मी मागून घेतली. सत्तारभाईंकडे पावतीपुस्तक एकच, लग्नाच्या बँडच्या बुकिंगचं. त्यावर 'वराचे नाव' या ओळीपुढे त्यांनी महेंद्र ओव्हाळ असं लिहिलं, 'घोडा हवा / नको' यातला 'हवा' खोडला आणि खाली बारीक अक्षरात 'गिटार एक' असं टाकून सही केली.

परतीची एसटी मांडवगणच्या अलीकडे बसली. एसटी बंद पडते तेव्हा आप्पांना फार बरं वाटतं. आपल्या काळी असं होत नव्हतं, हे त्यांना सगळ्या प्रवाशांना सांगता येतं. ते सांगत असतानाच मागून एक टेम्पो आला आणि करकचून थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून हौसरावांनी डोकं बाहेर काढलं. बहिणीला मांडवगणला सोडून ते पहाटेच्या डिलिव्हरीसाठी माल घेऊन निघाले होते.

"साहेब, या की. गाडी आपलीच हाय."

"नको. मी पुढच्या एसटीने येईन."

"पुढची उंद्या हाय," आप्पा म्हणाले आणि माझ्या आधी टेम्पोत चढले.

अशा रीतीने मी मागे ब्रॅकेटच्या पेट्यांवर बसून, मांडीवर गिटार घेऊन शिरूरला आलो. टेम्पो थांबला तो नेमका चौकात, कंपनीच्या सेकंड शिफ्टच्या बसच्या मागे. टेम्पोवर मोठ्या अक्षरात हौसरावांच्या वर्कशॉपचं नाव आहे. बसच्या मागच्या काचेला नाकं लावून बसलेली माणसं मला दिसली. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी लुबना मॅडमनी बोलावलं. "सर, तसं काही नाही, पण चर्चा आहे. सप्लायरकडून भेटवस्तू वगैरे. बिल असेल तर फाईलला लावून टाकू." मी पावती पुढे केली. मॅडमनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"सर, यात तुम्ही नवरदेव आहात."

"पावतीपुस्तक तसं आहे."

"घोडा नको म्हटलंय."

"गिटारला घोडा लागत नाही, मॅडम."

पावती माझ्या फाईलला लागली. पुढेमागे कोणी माझी फाईल उघडली, तर मी नोकरीत असताना दुसरं लग्न केलं आणि तेही पायी, असं त्याला दिसेल. पण चर्चा काही थांबली नाही. ती थांबवायला माझ्याकडे एकच मार्ग होता. हौसरावांचे पुढचे सगळे माल मी डोळ्यांत तेल घालून तपासले आणि केसभर फरकानेही परत पाठवले. मी निःपक्षपाती आहे हे सगळ्या कंपनीला कळायला पाहिजे होतं. हौसरावांना ते सगळ्यांत आधी कळलं.

शिकायला मी स्टँडवरच्या स्टॉलवरून एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर गिटार घेतलेली परदेशी बाई होती. पहिल्या प्रकरणात गिटारबद्दलचे उच्च विचार होते, दुसऱ्यात बोटांची चित्रं होती आणि तिसऱ्यापासून पुढे चक्क हार्मोनियम होती. छापखान्यात पानं मिसळली असणार. असा माल आमच्याकडे आला असता तर मी ट्रकच्या ट्रक परत पाठवला असता. पण त्या दुसऱ्या प्रकरणाच्या जोरावर मी बोटांची सालं काढून घेतली आणि दिवाळीपर्यंत माझ्या हातून दोनचार सूर असे निघायला लागले, की शाकीरची बायको रेडिओचा आवाज वाढवायची थांबली. माझ्या लेखी ही पसंतीची पावती होती.

आणि मग शाकीरला तो नट दिसला.

ज्यांना रांजणगावची माणसं माहीत नाहीत, त्यांना हे कळायचं नाही. कंपनीत काम करणाऱ्या माणसाच्या खिशात कंगवा नसला तरी नट पिळायची ॲलन-की असते. आणि कुठेही नट दिसला, की त्याला ती लावून पाहिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. पाळण्याचा नट असो, देवळातल्या पंख्याचा असो. ढिला नट पाहून तसंच पुढे जाणं हा आमच्याकडे संस्काराचा प्रश्न आहे.

शाकीर साखर मागायला म्हणून आला होता. गिटारच्या भोकात डोकावून म्हणाला, "आवं साहेब, ह्यो तर ढिला हाय."

"तो तसाच ठेवायचा असतो."

"ढिला कोन ठेवतं? व्हायब्रेशननं निघून जाईल." मी साखर आणायला आत गेलो तेवढ्यात त्याने पाव आटा, म्हणजे पाव फेरा, पिळला. "जादा न्हाई, पावच."

पुढच्या रविवारी बसमधली चौघं-पाचजणं 'साहेबांची गिटार बघायला' म्हणून आली. चहा झाला, पोहे झाले, आणि मी पाणी आणायला उठलो की कोणीतरी भोकात हात घालायचं. पाव आटा. नंतर हौसराव आले. मालाबद्दल नव्हे, त्या टेम्पोमुळे माझ्यावर आळ आला याचं वाईट वाटलं म्हणून आले. खाली मान घालून बसले आणि जाताना, काहीतरी सेवा घडावी म्हणून, त्यांनीही पाव आटा दिला. आप्पांकडे ॲलन-की नव्हती, त्यांनी शाकीरकडून मागून घेतली. आणि खोटं कशाला बोला, एका संध्याकाळी पुस्तकातल्या चित्रापेक्षा माझ्या तारा किंचित उंच वाटल्या, तेव्हा मीही पाव आटा दिला. पण माझा मोजून होता.

परिणाम व्हायचा तो झाला. एके दिवशी शिफ्टवरून येऊन गिटार हातात घेतली आणि तार छेडली, तर टर्र असा आवाज आला. दुसरी छेडली, टर्र. सहाही तारा टर्र. पट्टी लावली तर मान मागच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली आणि तारा मानेवर आडव्या पडलेल्या. माया आतून म्हणाली, "मिक्सरमध्ये खडा गेलाय का बघा हो."

एसटीडी बूथवरून सत्तारभाईंना फोन लावला.

"पिळला का नट?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"थोडा."

"किती थोडा?"

"सगळ्यांनी थोडा थोडा."

फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. मग सत्तारभाई म्हणाले, "साहेब, मी आयुष्यात लई बँड पाह्यले. नवरदेवाच्या मामांनी ट्रंपेटमधी बुंदी कोंबलेली पाह्यली. पन ह्ये न्हाई पाह्यलं. उलटा पिळा आता, हळूहळू."

उलटा पिळायला गेलो, तर नटाचे कोपरे घासून गोल झालेले. सगळ्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या मापाच्या, त्यात शाकीरची इंची. किल्ली नुसती गरगर फिरे. या कामगारांच्या जोरावर म्हणे देशाचं उत्पादन वाढणार आहे. मी त्या दिवशी ओळीतल्या प्रत्येक घराच्या दारात जाऊन जाब विचारला. प्रत्येकाने एकच उत्तर दिलं: "म्या? म्या तर पावच दिला व्हता." त्यांचं खरंच होतं. बेरीज कोणीच केली नव्हती.

मी गिटार कपाटावर टाकली. बसमध्ये बोलणी सुरू झाली होती, साहेब, कुठवर आलं, तारा चार का सहा. संमेलन महिन्यावर आलेलं. नाव मागे घ्यावं म्हणून एकदा लुबना मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. माया काही म्हणाली नसती. तिचं ते न म्हणणंच मला नको होतं.

मग सहज एकदा गिटार खाली काढली आणि लक्षात आलं, की मान वाकली असली तरी पोटाजवळच्या चौकटींवर, अगदी बारीक तारेवर, सूर स्वच्छ निघतोय. तेवढीच वीतभर जागा शाबूत होती. त्या वीतभर जागेत काय बसेल याचा मी शोध सुरू केला. माया पोळ्या लाटताना एक चाल गुणगुणते. तिला शब्द नाहीत, आणि ती कुठून आली हे तिलाही माहीत नाही. ती बसली. एकेक सूर शोधत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. ती शाळेत कामाला गेली की मी सुरू करायचो. एका रविवारी ती बाजारातून लवकर परत आली आणि दारात पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

"हे मी म्हणते ते," ती म्हणाली.

"हो."

"ते वाजवणार?"

"हो."

ती आत गेली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं, आणि मी म्हटलं, बरं झालंय. मला आतून इतका आनंद झाला होता, की कोणी भेटलं असतं तर मी स्वतः होऊन त्याला चहा पाजला असता.

संमेलनाच्या दिवशी रविवार. मायाने नवी साडी नेसली, कुटुंबांच्या बसमधून ती पुढे गेली. मी शाकीरच्या स्कूटरवर मागे गिटार घेऊन बसलो. गेटवर वॉचमन म्हस्कू ड्युटीवर होता. त्याने सलाम केला, स्कूटर सोडली आणि मला थांबवलं.

"साहेब, वस्तूला टॅग?"

"अरे, ही गिटार आहे. माझी."

"व्हय. पन भायेरची वस्तू हाय. टॅगबिगर आत सोडायची न्हाई. तुमीच अर्ज दिला व्हता की."

दिला होता. गेल्या वर्षीच्या संमेलनात त्या पुणेरी ट्रेनीची गिटार तपासणीशिवाय आत गेली, ही शिस्तीची बाब असून यापुढे कुठलीही वस्तू इन्स्पेक्शनच्या टॅगखेरीज गेटमधून घेऊ नये, असा अर्ज मीच पेटून उठून फेब्रुवारीत दिला होता. मॅनेजरनी तो मंजूर केला, म्हस्कूच्या टेबलामागे चिकटवला, आणि त्यानंतर टॅगशिवाय आत सोडलेल्या एका डब्याबद्दल मी म्हस्कूच्या नावाने मेमोही काढायला लावला. काल संध्याकाळी मांडववाल्याच्या खुर्च्यांना आणि ढोलकीला मीच हिरवे टॅग लावले होते.

"बरं, कोण आहे आज इन्स्पेक्शनला?"

म्हस्कूने यादी बघण्याचं नाटक केलं. "आज तुमीच हाय, साहेब."

त्याने टेबलावर दोन्ही टॅग ठेवले, लाल आणि हिरवा. पेन ठेवलं. आणि सवयीने, मला लागते म्हणून, स्टीलची पट्टीही ठेवली. तोवर मागे माणसं थांबली होती. बसमधले बरेच होते. गेटच्या आतल्या बाजूला हौसराव आपला टेम्पो भरत होते. काल मी परत पाठवलेले ब्रॅकेट. अर्ध्या मिलिमीटरने वाकडे. संमेलनाला सप्लायरनाही जेवणाचं आमंत्रण असतं, तेवढ्यात माल घेऊन जावा म्हणून ते आले होते. हातातली पेटी खाली ठेवून तेही पाहायला लागले.

"करा सही, हिरव्यावर," शाकीर हळूच म्हणाला. "कोन बघतंय?"

सगळेच बघत होते. मी पेन उचललं, हिरवा टॅग पुढे ओढला आणि नाव लिहिलं. गिटार एक. मग 'सरळपणा' ही ओळ आली. ती ओळ मीच त्या टॅगवर छापून घेतली होती. माझा हात आपोआप पट्टीकडे गेला. मी पट्टी मानेवर ठेवली. दोन्ही टोकांना उजेड दिसत होता, चांगला तीन मिलिमीटरचा. म्हस्कूलाही दिसला. हौसरावांनाही दिसला असणार, त्यांची नजर या बाबतीत मीच तयार केलीय. ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते, एखादं वाकडं वाक्य टाकलं असतं, तर मी रागाच्या भरात हिरव्यावर सही ठोकून आत गेलो असतो. माणूस नुसता उभा होता, घामाने शर्ट चिकटलेला, आणि माझ्या हाताकडे पाहत होता.

मी हिरवा टॅग फाडला. लाल घेतला. कारण: मान वाकडी. सही केली आणि टॅग गिटारच्या गळ्यात बांधला.

म्हस्कूने गिटार घेतली आणि रिजेक्टच्या कट्ट्यावर, ब्रॅकेटच्या उरलेल्या पेट्यांशेजारी, भिंतीला टेकवून ठेवली. माणसं पांगली. कोणी हसलं नाही, ते मला जास्त झोंबलं. मीही कट्ट्यावर बसलो. शेडमधला लाऊडस्पीकर गेटपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. आधी भाषणं झाली, मग ढोलकी झाली, मग लुबना मॅडमचा आवाज आला: "आणि आता, आपले ओव्हाळसर." टाळ्या वाजल्या. "ओव्हाळसर? आहेत का?" मग कुजबुज, मग हशा, मग मॅडमनी पुढचं नाव घेतलं. पहिल्या रांगेत कोण बसलंय हे मला इथून दिसत होतं. म्हणजे दिसत नव्हतं, पण दिसत होतं.

थोड्या वेळाने माया बाहेर आली. पदर सावरत गेटपर्यंत आली, गिटार पाहिली, टॅग हातात घेऊन वाचला, खालची सही वाचली.

"तुम्हीच?"

"मीच."

ती कट्ट्यावर माझ्या शेजारी बसली. तिने साडी नवी आहे याचाही विचार केला नाही.

हौसराव टेम्पोचा फाळका लावून आमच्याकडे आले. कँटीनमधून त्यांनी तीन कप चहा आणला होता. सप्लायरच्या हातचा चहा मी कधी घेत नाही. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि धरूनच ठेवला.

"पयल्या येळंला लई लागतं, साहेब," ते म्हणाले. "मग व्हती सवय."

मी कप घेतला. चहात साखर फार झाली होती आणि तो गारही होत आला होता. तरी मी सगळा प्यायलो.